चौथा रकाना

दादाला मी एक ओळ लिहायला सांगितली होती. एक! माझी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे लोकांचे अर्ज तपासण्यात गेली, तेव्हा अर्जात कमीत कमी लिहावं हे मला कुणी शिकवायला नको. बाकीचे रकाने मीच भरले. कंटेनर कुठे उभा राहणार, किती दिवस, उचलून कोण नेणार, सगळं. फक्त चौथा रकाना सोडला. त्यात टाकायच्या सामानाचं वर्णन लिहायचं होतं आणि सामान दादाचं होतं. ‘घरातलं जुनं सामान’ एवढंच लिही, सही कर आणि चिटणिसांच्या पेटीत टाकून ये, असं तीनदा बजावून मी माझ्या घरी आले.

कंटेनर म्हणजे तो भलामोठा लोखंडी डबा. ट्रक दारात आणून ठेवतो आणि भरला की उचलून नेतो. दादाच्या कॉलनीत रस्त्यावर साधी खुर्ची ठेवायची तरी समितीची परवानगी लागते, आणि समिती बसते महिन्याच्या पहिल्या रविवारी. तो रविवार हुकला की महिना गेला. आमच्याकडे महिना कुठला? आमच्याकडे शुक्रवारपर्यंतचा वेळ होता.

वहिनी पडली त्याला सात आठवडे झाले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरी सोडायला हरकत नाही म्हणाले. पण त्याआधी हॉस्पिटलातून एक बाई टेप घेऊन घर बघायला आल्या. दारातून चार पावलं आत गेल्या आणि थांबल्या. पुढे जायला जागाच नव्हती. बैठकीच्या खोलीत दोन्ही बाजूंना छतापर्यंत पंखे, मिक्सर, इस्त्र्या, घड्याळं, रेडिओ. मधून आपण अंग चोरून, आडवं होऊन जायचं. बाईंनी टेप लावली न लावली आणि म्हणाल्या, इथून पलंग जाणार नाही, वॉकरही जाणार नाही. शुक्रवारपर्यंत वाट मोकळी झाली तर ठीक, नाहीतर पेशंटला दुसऱ्या गावच्या शुश्रूषागृहात हलवू. तात्पुरतं, म्हणाल्या. आमच्या आईलाही तात्पुरतंच नेलं होतं.

हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिने आदळआपट केली नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "वन्सं, मला घरी घेऊन चला." चाळीस वर्षांत या बाईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दादा गिरणीत मशिनं दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर घरी तेच सुरू केलं. कुणाचं काही बिघडलं की आणा दादाकडे. त्याचा पसारा कॉलनीभर बदनाम होता. समितीने वर्षभरात दोन नोटिसा धाडल्या होत्या, दोन्हींवर अध्यक्षबाईंची सही. मीही त्याला कमी बोलले नाही. भंगारवाल्यालाही लाज वाटेल असं घर केलंस, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलंय. तो नुसता मान हलवायचा आणि पुन्हा स्क्रू पिळत बसायचा. पण वहिनीचा निरोप सांगितला त्या दिवशी त्याने पक्कड खाली ठेवली. "आण तुझा कंटेनर," म्हणाला.

रविवारी सकाळी दहाला सभा. कॉलनीच्या छोट्या हॉलमध्ये वीसेक माणसं, पुढे टेबलाशी अध्यक्षबाई आणि चिटणीस. अध्यक्षबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, अजूनही समोरच्याला बाकावर उभं करतील असा चेहरा. चिटणिसांना सगळे नियमकाका म्हणतात. गळ्यात दोरीला बांधलेलं पेन आणि तोंडात कलम क्रमांक. आमचा अर्ज त्यांनी उचलला तेव्हा त्याला मागे जाडजूड काहीतरी टाचलेलं दिसलं.

"अर्जासोबत यादी जोडली आहे," नियमकाका म्हणाले. "एकोणीस पानं. दोनशे चौदा वस्तू."

मी दादाकडे पाहिलं. तो बुटाकडे बघत होता.

"अरे, एक ओळ सांगितली होती ना तुला?"

"वर्णन विचारलं होतं," तो म्हणाला. "खोटं कशाला लिहू?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्यात नियमकाकांनी जाहीर केलं, की अर्जाला जोडलेला प्रत्येक कागद सभेत वाचलाच पाहिजे, त्याशिवाय मतदान नाही. मी उठून हात जोडले, यादी काढून टाका म्हटलं. ते म्हणाले, मग अर्ज बदलला, आणि बदललेला अर्ज पुढच्या महिन्यात. घ्या! मी खाली बसले.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"क्रमांक एक. टेबलफॅन. समोरच्या दुमजली घरातला. बेअरिंग गेलं होतं. दुरुस्त. क्रमांक दोन. मिक्सर. पाण्याच्या टाकीजवळच्या ताईंचा. कॉइल बदलली. दुरुस्त. निरोप दिला. क्रमांक तीन. भिंतीवरचं घड्याळ. याच ताईंचं. दुरुस्त. पुन्हा निरोप दिला."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. "अहो, हे काय, हजेरी घेताय का?" असं एक जण म्हणाला आणि आणखी दोघंतिघं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियमकाका न थांबता वाचत राहिले. बाराव्या-पंधराव्या वस्तूपर्यंत हसू कमी झालं. विसाव्यापर्यंत थांबलं. कारण ज्याची वस्तू येई तो खुर्चीत चुळबुळ करी. त्या पसाऱ्यात दादाचं असं काहीच नव्हतं. सगळं या हॉलमध्ये बसलेल्यांचं होतं. दुरुस्त करून, पुसून, नाव लावून ठेवलेलं. लोक देऊन गेले, दुकानातून नवीन आणलं आणि विसरले.

"क्रमांक बावीस. इस्त्री. बहिणीची. तार जळाली होती. दुरुस्त. तिने नवीन घेतली. मला बोलली नाही, पण दिसली."

त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी दादाकडे बघायला गेले आणि मध्येच मान वळवली.

छत्तीस झाले. सदतिसाव्याला नियमकाका पहिल्यांदा अडखळले, पण कलम म्हणजे कलम.

"क्रमांक सदतीस. रेडिओ. कोपऱ्यावरच्या घरातल्या सरांचा. आवाज चिरकत होता. दुरुस्त. सरांना दोनदा सांगितलं, येतो म्हणाले. मग सर गेले. आता बाईंना कसं विचारायचं ते कळत नाही. रोज पाच मिनिटं लावतो, म्हणजे बिघडणार नाही."

कोपऱ्यावरचं घर अध्यक्षबाईंचं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. सर जाऊन सहा वर्षं झाली होती. "पुढे वाचा," त्या म्हणाल्या, पण आवाज शाळेतला नव्हता.

वाचन पावणेदोन तास चाललं. एकही माणूस उठला नाही. शेवटचं पान आलं.

"क्रमांक दोनशे चौदा. शिलाईचं पायमशीन. बायकोचं. अकरा वर्षं झाली. लोकांचं आधी करू म्हणून बघायचं राहिलं. हे टाकू नये."

दोनशे तेरा वेळा ‘दुरुस्त’ ऐकलं होतं. इथे तो शब्द नव्हता. हॉलमध्ये सगळ्यांनाच तो न आलेला शब्द ऐकू आला असावा. दादाचे कान लाल झाले होते.

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. "मंगळवार ते गुरुवार. कुणाची हरकत?" कुणाची असणार! नियमकाकांनी शिक्का मारला आणि खालच्या आवाजात मला म्हणाले, "ताई, एकशे साठ नंबरचा टॉर्च माझा आहे."

मंगळवारी सकाळी कंटेनर आला. लोकही आले. मला वाटलं होतं, आता रांग लावून सगळे आपापलं घेऊन जातील आणि कंटेनर रिकामाच परत जाईल. तसं काही झालं नाही. माणसं चांगली होती, पण जागा कुणाच्या घरात? टाकीजवळच्या ताई मिक्सर हातात घेऊन रडल्या आणि म्हणाल्या, दादा, माझ्याकडे दोन आहेत हो, टाकून द्या. दादा म्हणाला, बरं. पण आधी प्लग लावला, मिक्सर फिरवून दाखवला, ताईंनी बघितला, मग प्लग काढला, तार नीट गुंडाळली आणि स्वतः कंटेनरमध्ये नेऊन ठेवला. फेकला नाही. असं प्रत्येक वस्तूचं. मी म्हटलं, अरे, अशाने गुरुवार उजाडला तरी दार दिसणार नाही! तर म्हणतो, "चालू होतं हे त्यांना कळायला नको का?" माझी इस्त्री मी मुकाट्याने पिशवीत घातली. अध्यक्षबाई दुपारी आल्या, आणि रेडिओ पोटाशी धरून घेऊन गेल्या. बाकीचं बहुतेक सगळं कंटेनरमध्येच गेलं.

गुरुवारी तीन वाजता बैठकीची खोली मोकळी झाली. फरशीचा रंग कोणता होता तेही मी विसरले होते. अगदी आतल्या भिंतीशी ते पायमशीन उभं होतं, वर चादर टाकलेली. ट्रकवाला बाहेर घड्याळ बघत होता. दादाने चादर काढली, स्टूल ओढलं आणि मशीन आडवं पाडून आत बघू लागला.

"आत्ता? अरे, पलंगवाले यायचेत!"

त्याने ऐकलं नाही. चिमटा घातला, चाक उलटं फिरवलं, आणि आतून निळ्या दोऱ्याचा एक गुंता बाहेर ओढला. वीतभरही नसेल. मग चाक फिरवलं तर गरगर फिरलं. घड्याळ मी बघत होते. दहा मिनिटंही लागली नाहीत.

दादा तो दोरा तळहातावर घेऊन बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला काही बोलावंसं वाटलं नाही. मी बाहेर जाऊन ट्रकवाल्याला सांगितलं, न्या आता, झालंय सगळं.

शुक्रवारी वहिनी आली. त्या टेपवाल्या बाई सोबत होत्या, त्यांनी वाट मोजली आणि मान डोलावली. खिडकीशी पलंग लावला होता, उशाशी पायमशीन. वहिनीचा पाय आता त्या पायपट्टीवर कधी पडणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दादाला माहीत होतं. तरी मशीन पुसून, तेल घालून, नवी सुई लावून ठेवलं होतं.

वहिनीने खोलीभर नजर फिरवली. मग मशीनवर ठेवलेला तो निळा दोरा तिला दिसला. तिने तो उचलला.

"एवढाच होता बघ," दादा म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. अकरा वर्षं... माझी मलाच लाज वाटते."

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"दोराच अडकलाय ते. मला काय, दोन मिनिटांत काढता आला असता."

"अगं, मग काढला का नाहीस?"

वहिनी दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "सगळ्या गावाचं काही ना काही घेऊन बसायचात तुम्ही. म्हटलं, कधीतरी माझंही घेऊन बसाल."

दादा पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. वहिनीने डावा हात लांबवून मशीनचं चाक धरलं आणि हळूहळू फिरवलं. सुई वरखाली होऊ लागली. खाली कापड नव्हतं, दोरा ओवलेला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळेपर्यंत बाहेरच्या खोलीतून चाकाचा आवाज येत होता.