अंगणातून वर्ल्डकप

माझी बायको नेलिदा मार्चमध्ये गेली आणि जूनमध्ये वर्ल्डकप सुरू झाला. घरी एकट्याने मॅच बघवेना, म्हणून मी तिच्या भावाकडे, हेबरकडे जायला लागलो. उरुग्वेतल्या पायसांदू गावात आमची घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत.

पहिल्याच मॅचला उरुग्वे एका गोलने मागे होतं. आमच्याकडे जून म्हणजे ऐन थंडी; शेगडी विझत आली होती, म्हणून मी मागच्या अंगणात लाकडं आणायला गेलो. आत आरडाओरडा झाला. गोल! मी परत येऊन बसलो, तर अर्धा तास काहीच नाही. हेबरच्या बायकोने, झुल्माने, मला पुन्हा लाकडांना पाठवलं आणि दुसरा गोल झाला. झालं, त्या दिवसापासून माझी जागा ठरली. आमच्याकडे असले शकुन सगळेच पाळतात. झुल्मा जिंकलेल्या मॅचचा स्वेटर धूत नव्हती. हेबर डाव्या पायात मोजा घालायचा, उजवा पाय उघडा ठेवायचा. मला अंगण मिळालं.

अंगणात एक वेगळीच भानगड होती. शेजारी कासिल्दो नावाचे म्हातारे राहतात. त्यांच्या छपरावर जुना अँटेना आहे. हेबरकडे केबल. कासिल्दोंच्या टीव्हीवर चित्र सहा-सात सेकंद आधी येतं. तिकडची ओरड कानावर पडून मजा जाऊ नये म्हणून हेबर खिडक्या घट्ट लावायचा, आवाज मोठा करायचा. बाहेर उभ्या असलेल्या मला मात्र सगळं आधी कळायचं. काचेतून बघायचो, तर ही दोघं अजून खुर्चीच्या टोकावर बसलेली असायची.

क्वार्टर फायनलला मी ठरवूनच गेलो. गरम पाण्याचा थर्मास आणि 'माते' या आमच्या कडू चहाचा तुंबा घेतला आणि सरळ सोफ्यावर बसलो.

"दाजी, उठा," हेबर म्हणाला.

"आज नाही उठत. आजवर एकही गोल डोळ्यांनी बघितला नाही मी."

"मग रिप्ले कोण बघतं?"

"रिप्ले म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं."

"अहो, बसू द्या त्यांना," झुल्मा म्हणाली. "बाहेर गारठून जातील. घरी तरी कोण आहे त्यांना?"

"तू बोलू नकोस. मागच्या मॅचला तू शिंकलीस आणि लगेच गोल खाल्ला आपण."

पण त्याने मला बसू दिलं. आम्ही तिघं एका सोफ्यावर. खूप दिवसांनी माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती. एकोणसत्तराव्या मिनिटाला आपल्यावर गोल झाला. हेबर माझ्याकडे बघत राहिला. मी पाच मिनिटं तग धरला, मग कोट चढवून बाहेर गेलो. शेवटच्या मिनिटाला आपण बरोबरी केली. त्यानंतर आत जाऊ देण्याचा प्रश्नच नव्हता. जादा वेळ मी अंगणात काढला. मग पेनल्टी.

हेबर दारात आला. "दाजी, तुमच्या पाया पडतो. हलू नका इथून."

"नाही हलत. जा तू आत."

उन्हं होती, पण त्यांत ऊब नव्हती. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. कासिल्दोंकडून ओरड आली की आपला गोल, शिव्या आल्या की त्यांचा. असे चार-चार झाले. पाचवा त्यांनी घातला. आता आमचा शेवटचा फटका उरला. घातला तर पुढे चालू, चुकला तर घरी.

कासिल्दोंकडे शांत होतं. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. ओरड नव्हती ती, नुसतं कण्हणं.

मी काचेतून आत बघितलं. हेबर टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसला होता. झुल्माने स्वेटरची बाही दातांत धरली होती. त्यांच्यासाठी आमचा खेळाडू अजून चेंडू ठेवत होता.

जानेवारीत डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं, नेलिदाकडे दोन महिने आहेत. हेबर म्हणाला, ताईला सांगू नका, खचेल ती. मी नाही सांगितलं. ती पलंगावर बसून सप्टेंबरात टोमॅटो कुठे लावायचे ते बोलायची. मी हो हो म्हणायचो आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो. तिच्या तोंडाकडे मला बघवायचं नाही. दोन महिन्यांतला किती वेळ मी दाराबाहेर काढला, ते मलाच माहीत आहे. तिला वाटायचं मी सिगारेट ओढायला जातो.

मी दार ढकललं आणि आत गेलो.

"दाजी! बाहेर!" हेबर किंचाळला. "बाहेर व्हा!"

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पडद्यावर आमचा खेळाडू धावत आला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

टीव्हीतली माणसं ओरडत होती, नाचत होती. झुल्माने आवाज बंद केला.

"का आलात आत?" हेबर म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "एक मिनिट धीर धरवत नव्हता तुम्हाला? एक मिनिट?"

"नाही धरवला."

"पनवती आहात तुम्ही. नुसती पनवती."

"असेन."

चेंडू आधीच बाहेर गेला होता, हे मी सांगू शकलो असतो. झुल्मा भिंतीकडे, कासिल्दोंच्या घराच्या दिशेने बघत होती. तिला बहुतेक कळलं होतं. पण ती बोलली नाही, मीही बोललो नाही. हेबर मला शिव्या देत राहिला. देता देता रडायला लागला. मी होतो तिथेच बसून राहिलो.