बसतील गं

शिवणकामात ‘बसणं’ या शब्दाला फार मान. बाही बसली, कॉलर बसली, की टेलरबाईचा जीव भांड्यात पडतो. म्हणूनच ऑपरेशननंतर थोरल्या बहिणीने, ताईने, “बसतील गं चिमे, जरा वेळ दे,” असं सांगितलं, तेव्हा चिमीने डोळे मिटून विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? ताई त्याच दवाखान्यात काउंटर सांभाळायची. डॉक्टरांकडे जायची वाट तिच्याच टेबलावरून होती.

हौस चिमीचीच होती, खोटं कशाला बोला! जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, आणि स्वतःच्या ड्रेसला आतून पॅड लावून वेळ मारून नेली. चाळिशीला आल्यावर मात्र छातीत इम्प्लांट बसवून घेतले. सुरुवातीला दोन्ही बाजू वर ताणलेल्या. तिसऱ्या महिन्यात खाली उतरल्या, मऊ झाल्या, आणि बाई आरशासमोरून हलेना. ताईने तेव्हाच फोटो काढले. “फाइलीला लागतात. चेहरा नाही येत,” म्हणाली.

पण सहाव्या महिन्यापासून डावी बाजू पुन्हा वर चढायला लागली. आधी अर्धा इंच, मग पाऊण. हाताला चेंडूसारखी टणक लागायची, कुशीवर वळलं की कळ यायची. इतरांना फसवाल, टेलरबाईला कसं फसवणार? दर पहिल्या तारखेला ती टेपने मापं घेऊन वहीत लिहायची आणि ताईला कळवायची. ताईचं उत्तर ठरलेलं: “डॉक्टरांना विचारलं मी. म्हणाले, बसतील. उगाच खेटे घालू नकोस.”

अशा रीतीने वर्ष सरलं, आणि एके दिवशी दुपारी दुकानात एक शिक्षिका आली. मोठी बोलकी बाई.

“ड्रेस पुढून दोन इंच सैल ठेवा हं,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे माझं.” आणि हसत हसत तिने मोबाईल पुढे केला. “मला असं हवंय. दवाखान्यातल्या ताईंनी पाठवलाय फोटो.”

चिमीने पाहिलं. चेहरा नव्हता. पण बेंबीच्या वर इस्त्रीच्या टोकाचा जुना डाग होता, आणि तो डाग कुणाचा हे तिला कुणी सांगायला नको होतं. खाली लिहिलं होतं, ‘एका वर्षानंतर’. आता बोला! फोटो तिसऱ्या महिन्यातला, आणि वर्षानंतरचा नमुना इथे टेबलाशी उभा, एक बाजू वर, एक खाली.

“ताईंना फोन लावा,” ती कशीबशी म्हणाली. “विचारा, ही बाई आता कशी आहे.”

शिक्षिकेने स्पीकरवर लावला.

“एकदम मजेत!” ताई म्हणाली. “डॉक्टरांकडे तिची एकही तक्रार नाही. असती तर मला पहिली कळली असती.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. परकीने केलं असतं तर चिमीने दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. हिचं बोट धरून ती चालायला शिकली होती.

“ताई, मी बोलतेय.”

“चिमे? तू काय सांगितलंस त्यांना?”

“तू डॉक्टरांना काय सांगितलंस ते सांग. सहा महिन्यांत एकदा तरी सांगितलंस?”

“अगं, मला खरंच वाटलं, बसतील...”

“एकदा तरी?”

ताईचा आवाज खाली आला. “सांगितलं असतं तर तो फोटो काढून टाकावा लागला असता गं. सगळ्या जणी तोच बघून हो म्हणतात.”

“डॉक्टरांना फोन दे.”

“ते कामात आहेत. मी विचारते ना, विचारून सांगते तुला.”

हे ऐकून चिमीला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडूही फुटलं. तिने मापांची वही पिशवीत टाकली आणि दुकानाच्या किल्ल्या उचलल्या.

“नको विचारूस,” ती म्हणाली. “मीच येतेय. तुझ्या टेबलाशी थांबणार नाही.”

शिक्षिकेने फोन बंद केला आणि पर्स खांद्याला लावली.

“चला,” ती म्हणाली, “मीही येते.”