एका जागेसाठी किमान दोन

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून माझ्या विषयाचा संशोधक मी एकटाच, याचा मला बरेच दिवस अभिमान होता. मग फेलोशिपची जाहिरात आली आणि कळलं, हीच अडचण आहे.

विषय असा. दारू सोडवायचं औषध आहे, पद्धत आहे, सरकारचा जीआर आहे, तालुक्याच्या दवाखान्यात त्यासाठी एक खोली आहे, खोलीत पंखासुद्धा आहे. तरी दारू सुटत नाही. जीआरपासून खोलीपर्यंत घोडं नेमकं कुठं अडतं, हे मी शोधतो. अब्बांना हे मी साधारण चाळीस वेळा समजावलं. जुन्या नांदेडात त्यांचं गादीचं दुकान आहे. ते कापूस पिंजता पिंजता ऐकायचे. एकदा मशीन बंद करून म्हणाले, म्हणजे तू दारू सोडवत नाहीस. मी म्हटलं, नाही. जे सोडवतात त्यांच्याकडून का सुटत नाही, ते बघतोस. मी म्हटलं, हौ. त्यांनी मशीन परत चालू केलं, आणि त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना सांगायला लागले की बिलाल दवाखान्यात आहे. गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं त्याला?

दर गुरुवारी मी भोकरच्या दवाखान्यातल्या अशाच खोलीत जातो. तिथं नऊ माणसं येतात, कधी सात. ती बोलतात, मी लिहून घेतो. सिस्टर चहा पाठवतात. माणसांची कमी नाही. पण "तिसऱ्या बैठकीनंतर लोक गळतात" असं मी म्हटलं की सिस्टर म्हणतात, "उन्हामुळं असंल." पावसाळ्यात म्हणतात, "पावसामुळं असंल." त्या चुकीचं बोलत नाहीत. पण त्यापुढं संभाषण जात नाही.

फेलोशिप दिल्लीच्या एका प्रतिष्ठानची होती: 'व्यसनमुक्ती अंमलबजावणी संशोधनातील नवोदितांसाठी करिअर विकास फेलोशिप.' नाव वाचून होईपर्यंत माणूस नवोदित राहत नाही. तीन वर्षं पगार, प्रवास, आणि महिन्यातून एकदा दिल्लीहून बोलणारा एक मार्गदर्शक. नवोदित म्हणजे पीएचडी मिळून पाच वर्षं न झालेला. माझी पाच वर्षं जूनमध्ये भरत होती. जूननंतर मी कोण, ते जाहिरातीत दिलं नव्हतं. अब्बांच्या मते गादीवाला.

जागा प्रत्येक विभागाला एक; आमचा विभाग म्हणजे हेच दोन जिल्हे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की विभागातून किमान दोन पात्र अर्ज न आल्यास ती जागा दुसऱ्या विभागाला दिली जाईल. दुसरा विभाग म्हणजे पुणे. पुण्यात एका अपार्टमेंटमध्ये सात नवोदित निघतात.

मी दिल्लीला फोन केला. बाई फार सभ्य होत्या. म्हणाल्या, स्पर्धा असावी असा नियम आहे. मी म्हटलं, मी माझ्याशीच स्पर्धा करीन. त्या म्हणाल्या, त्यासाठी दोन आधार क्रमांक लागतील.

घरात नियमांचे जाणकार म्हणजे कलीम मामू. ते शाळांना बाक पुरवतात. बाकांसाठी तीन कोटेशन लागतात. एक त्यांचं असतं, एक त्यांच्या मेहुण्याचं आणि एक अशा दुकानाचं, जे दुकान मेहुण्यानंही बघितलेलं नाही. त्यांनी माझी जाहिरात उलटसुलट बघितली आणि म्हणाले, यात रडण्यासारखं काय आहे, डमी उभा कर. इलेक्शनला नवऱ्याच्या मागं बायको फॉर्म भरते तसा.

डमी उभा करायला दुसरा संशोधक हवा. हैदराबादला चार वर्षांपूर्वी झालेल्या एका परिषदेच्या यादीत तो मिळाला. पान ऐंशी, डॉ. पुनम, मुक्काम देवणी, जिल्हा लातूर. विषय होता बायकांची मिश्री, म्हणजे दातांना लावायची ती भाजलेल्या तंबाखूची पूड. मी यादी हातात धरून बसलो. दोन वर्षं ही बाई आणि मी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर एकच काम करत होतो आणि दोघांनाही वाटत होतं, आपण एकटेच.

फोन केल्यावर कळलं, तिनं ते काम सोडलंय. आता ती लातूरला एका क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवते. भेटू म्हणाली, दोन बॅचच्या मध्ये पंचवीस मिनिटं असतात.

क्लासच्या समोरच्या हॉटेलात भेटलो. तिच्या बाहीला खडू लागलेला होता. मी आडपडदा ठेवला नाही.

"म्हणजे मी हरायला अर्ज करायचा," ती म्हणाली.

"हो."

"वाईट लिहायचा."

"फार वाईट नको मॅडम. पात्र ठरला पाहिजे."

"अंदाजे किती वाईट?"

मी म्हटलं, पन्नास टक्के.

"पन्नास टक्क्यांना आम्ही पालकांना बोलावतो, सर." ती हसली नाही. मग म्हणाली, "आणि चुकून मलाच लागलं तर?"

"नाही लागणार."

"तरी."

"तरी, म्हणजे, तुम्ही नाही म्हणायचं."

"म्हणीन. शब्द." तिनं बशीत चहा ओतला आणि सहज विचारलं, "तुमच्याकडं कितव्या बैठकीला गळतात?"

मी म्हटलं, तिसऱ्या.

"नशीबवान हायत तुम्ही. माझ्या दुसऱ्याच्या आधी गळायच्या. अन् ज्या गळायच्या नाहीत त्यांचीच मला जास्त भीती वाटायची."

समोरच्या इमारतीत घंटा झाली तेव्हा दोघांचा चहा तसाच होता. तीनशे पोरं तिची वाट बघत होती. ती धावत रस्ता ओलांडून गेली. मी तिथंच बसून दोन्ही चहा प्यायलो. भीती का वाटायची, ते विचारायचं राहून गेलं होतं.

आठवड्यानं तिचा मसुदा आला. वर लिहिलं होतं, "पुरेसा वाईट आहे का बघा."

आता माझी चूक सांगतो. इतक्या वर्षांत कुणी मला माझ्या विषयाचा मसुदा वाचायला दिला नव्हता. सिस्टरनी एकदा भाच्याच्या साखरपुड्याची पत्रिका दिली होती, ती मी तपासून दिली. पुनमचा मसुदा मी तीनदा वाचला आणि मग माझा हात थांबेना. पद्धतीचा भाग मागं होता, तो पुढं घेतला. आकडा चुकला होता, तो दुरुस्त केला. एका परिच्छेदावर तिनं काट मारली होती. त्यात लिहिलं होतं: देवणीच्या ज्या एकतीस बायकांनी मिश्री सोडल्याची नोंद आहे, त्यांच्याकडे मी वर्षानं परत गेले. त्यांनी मिश्री सोडलेली नव्हती. माझ्यासमोर लावायची सोडली होती. मी त्यांना आवडत होते म्हणून.

मी बाजूला लिहिलं, हे काढू नका, हेच तुमचं काम आहे.

मी काय करतोय ते मला दिसत होतं. डमीच्या प्रचाराला स्वतः उमेदवार हिंडत होता. पण तिनंही माझा अर्ज मागवून घेतला आणि त्यावर नऊ ठिकाणी एकच शेरा मारला: "हे तुम्हाला खरंच वाटतं का?" नऊपैकी सात ठिकाणी वाटत नव्हतं. तिथं मी नवी वाक्यं लिहिली. तीही तिनं परत पाठवली. असे अकरा दिवस गेले. दुपारी तिची बॅच सुटली की फोन वाजायचा आणि अब्बा मशीन बंद करायचे, माझं बोलणं ऐकू यावं म्हणून. ते कलीम मामूंना म्हणाले, पोरगं कुणाशी तरी बोलतंय. मामू म्हणाले, कुणाशी? अब्बा म्हणाले, "मालूम नै. पन बात चालू है, टपकने की."

टपकने म्हणजे गळणे. माझ्या कामाचा तेवढा भाग त्यांच्यापर्यंत पोचला होता.

मुलाखती मे महिन्यात व्हिडिओवर झाल्या. मला विचारलं, तुमचं सर्वांत मोठं अपयश कोणतं? मी तयार करून ठेवलेलं अपयश सांगितलं, जे नीट बघितलं तर यशच होतं. तिलाही तेच विचारलं. नंतर फोनवर ती म्हणाली, मी एकतीस बायकांचं सांगितलं, समोरचे पाचही जण गप्प झाले, बहुतेक नेट गेलं असावं.

नेट गेलं नव्हतं. पंधरा दिवसांनी निकाल आला. निवड: डॉ. पुनम. प्रतीक्षा यादी: डॉ. बिलाल. निवड झालेल्या उमेदवारानं सात दिवसांत होकार किंवा नकार कळवायचा होता.

मी तिला फोन केला नाही. तिनंही केला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, बॅच असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मी केला तर मागितल्यासारखं होईल. तिसऱ्या दिवशी वाटलं, नाही केला तर रुसल्यासारखं होईल. चौथा दिवस गुरुवार होता. भोकरला सहा जण आले. मी लिहून घेतलं. कलीम मामू रात्रीच्या जेवणाला आले होते, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आयुष्यात इतका मूर्ख ठेकेदार बघितला नव्हता.

"डमी का इस्तीफा पैलेच सही करा के जेब में रखते, पागल," ते म्हणाले. "जा आता, घेऊन ये."

पाचव्या दिवशी सकाळी लातूरच्या गाडीत बसलो. माझ्याकडं दोन भाषणं तयार होती. पहिलं असं: मॅडम, तुम्ही शब्द दिला होता, माझा जून आलाय, भोकरची माणसं मी सोडली तर त्यांना बघायला कुणी नाही. दुसरं असं: मॅडम, नकार देऊ नका, तुमचा अर्ज माझ्यापेक्षा चांगला आहे, तुम्हीच परत कामाला लागा, मी गाद्या करीन. दोन्ही खरी होती. लोह्यापर्यंत पहिलं पाठ केलं, अहमदपूरपर्यंत दुसरं. मी बहुतेक मोठ्यानं बोलत असणार, कारण शेजारचे गृहस्थ चाकूरला उतरायचे होते ते अहमदपूरलाच उठून दारात जाऊन उभे राहिले. लातूरचं स्टँड आलं तेव्हा ठरलं नव्हतं. तिथून क्लासपर्यंत रिक्षा न करता चालत गेलो, तरी ठरलं नाही.

मी समोरच्या त्याच हॉटेलात बसून राहिलो. ती चारला खाली आली. मला बघून थबकली. मग सरळ येऊन समोर बसली.

"पाठवला सकाळी," ती म्हणाली.

"काय?"

"नकार. नऊ वाजता. आता तुमचंच नाव येईल."

मी म्हटलं, मी मागितला नव्हता.

"म्हणून तर पाठवला. तुम्ही मागितला असता तर मला तुमचा राग आला असता." तिनं चहा बशीत ओतला, पण प्यायली नाही. "चार दिवस बसले त्याच्यावर. शब्द बिब्द सगळं बाजूला ठेवून बघितलं. कधी वाटायचं जावं देवणीला परत, त्या एकतीस जणींसमोर बसावं अन् म्हणावं, आता लावा माझ्यासमोर. कधी वाटायचं, इथं पोरं पास तरी होतात."

"मग का पाठवला?"

"तुम्ही फोन करना झालात," ती म्हणाली. "म्हटलं, माणूस मागू शकना, अन् नको बी म्हणू शकना. मग कुणीतरी ठरवावं लागतं की."

मी माझाही चहा बशीत ओतला.

"काय सांगायला आलावते?"

"अभिनंदन करायला."

"कुणाचं?" तिनं विचारलं. तेवढ्यात घंटा झाली. ती उठली, बाहीवरचा खडू झटकला, म्हणाली, सातला सुटते बॅच, आणि गेली.

मी पाचची गाडी धरली. खिडकीशी बसून परत विचार केला, की तिनं नकार पाठवला नसता तर मी कुठलं भाषण केलं असतं. दुसरं केलं असतं, असं मला वाटायला लागलं. चांगलं वाटत होतं. ते वाटणं साधारण चाळीस मिनिटं टिकलं. मग दिल्लीच्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, पहिल्या उमेदवारानं नकार कळवला आहे, तर आपण ही फेलोशिप स्वीका—

मी हो म्हणालो.

बाई म्हणाल्या, विचार करायला आपल्याकडंही सात दिवस आहेत. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, तीन वर्षं तुम्हाला नांदेड-लातूर सोडता येणार नाही. मी म्हटलं, चालतंय. मला इतकं हलकं वाटलं की पायाखाली पिशवी होती ती मी उचलून मांडीवर घेतली, उतरायचं असल्यासारखी. चाकूरसुद्धा आलं नव्हतं.

ही बातमी कुणाला तरी सांगावी म्हणून फोनमधली नावं बघितली. अब्बांना सांगितलं तर ते विचारतील, म्हणजे आता दारू सोडवणार? सिस्टरना सांगितलं तर त्या पेढे मागतील, आणि पेढे द्यायला मला आनंदच होईल. पण जागा एक होती, अर्ज दोन होते, आणि त्यातला चांगला कुठला होता, हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायचं होतं. ती बॅचमध्ये होती.

मी सात वाजायची वाट बघत बसलो. अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबली. लोक उतरले, भजी घेऊन परत चढले. माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

सात वाजले. सव्वासात वाजले. तिचं नाव काढून ठेवलेला फोन मी हातात धरला होता. स्क्रीन विझली की अंगठा लावून परत उजळवत होतो. लोह्याच्या अलीकडं रेंज गेली तेव्हा मला बरं वाटलं, आणि लोहा आल्यावर ती परत आली.