त्र्याण्णव अंश

चौथा कपही अनघाने बेसिनमध्ये ओतला आणि कॉफीच्या मशीनमधून पडणाऱ्या पाण्याखाली थर्मामीटरची काडी पुन्हा धरली. अठ्ठ्याऐंशी. मग एक्क्याण्णव. मग, ती बघत असतानाच, पंच्याऐंशी.

"अजून आंबटच?" दारातून तिच्या नवऱ्याने, अवधूतने विचारलं. तो तहसील कार्यालयात निघाला होता, हातात डबा होता.

"आंबट. आणि पोकळ."

"पण ही तापमान धरून ठेवते म्हणत होतीस ना? पहिली त्यासाठीच तर परत केली."

अनघाने काडी पुसली. पहिल्या मशीनचं पाणी कधी उकळायचं, कधी कोमट यायचं. ती परत करून तिने तीन आठवडे व्हिडिओ पाहिले, वहीत रकाने आखले, आणि खरोखर चांगल्या मशीनच्या किमती बघून दर वेळी वही मिटली. परवडणाऱ्यांत ही एकच निघाली, जिच्या इवल्याशा पडद्यावर तापमानाचा आकडा दिसायचा आणि तो म्हणे एका अंशानेही हलत नसे. इथे तर तो दिवसभर नाचत होता.

लग्नाआधी नऊ वर्षं ती पुण्यात एका कॉफी भाजणाऱ्या कंपनीत चव तपासायची. दिग्रसला आल्यावर ते सुटलं. आता नागपूरच्या प्राची नावाच्या एका बाईंनी, ज्यांची स्वतःची कॉफी भाजायची लहानशी भट्टी होती, तिला घरबसल्या काम देऊ केलं होतं. त्यांनी बिया पाठवायच्या, अनघाने एस्प्रेसो काढून चव लिहून कळवायची. मशीन घरगुतीच हवी, कारण गिऱ्हाईकही घरीच काढणार. चाचणीचे तीन नमुने आठवडाभर ओट्यावर होते आणि अहवाल उद्या द्यायचा होता.

"त्या वायरमन धर्मपालले बोलाव," आतून सासूबाई म्हणाल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या कुंदाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. "कापसाचं जिनिंग सुरू झाल्यापासून आपल्या गल्लीत लाइट धड नाही. फ्रीजही कण्हून राह्यला."

धर्मपाल दुपारी आला. त्याने बोर्डात मीटरच्या तारा घातल्या आणि आकडा अनघासमोर धरला.

"एकशे पंच्याहत्तर व्होल्ट. पाहिजे दोनशे तीस. ताई, मशीनले काहून शिव्या देऊन राह्यल्या? तिले पोटभर भेटूनच नाही राह्यलं."

तासाभरात तो स्टॅबिलायझर घेऊन आला आणि ओट्याशेजारी लावून गेला.

पडद्यावर त्र्याण्णव आलं आणि तिथेच थांबलं. अनघाने तीनदा पाणी काढून मोजलं. आकडा हलला नाही. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले. तिने पहिल्या नमुन्यातल्या बिया तोलून दळल्या, पूड दाबली, घड्याळ लावलं. अठ्ठावीस सेकंदांत कपात दाट, तांबूस धार उतरली. वर मधाच्या रंगाची साय धरली. धार तरी अशीच पडायला हवी होती.

तिने घोट घेतला. गरम. आंबट. मग कडू. बस.

तिने कप इतक्या जोरात ठेवला की कॉफी ओट्यावर सांडली. फोन उचलून तिने मशीन परत करण्याचा अर्ज उघडला. कारण विचारलं होतं. तिने लिहिलं: चव नाही.

"टाकून नको देऊ," कुंदाबाई मागे येऊन उभ्या होत्या. "किती दिवसांपासून फेकून राह्यली. आण, मी पिऊन पाहतो."

औषध घ्यावं तसा त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मग थांबल्या आणि दुसरा घोट जिभेवर जरा वेळ ठेवला.

"कडू हाय. पण मागून मोहाची फुलं वाळत घातल्यासारखा वास येते. अन् शेवटी बिब्ब्याची गोडंबी चावल्यावर राहते तसं, खमंग."

सासूबाई मन राखायला बोलताहेत असं अनघाला वाटलं. पण मन राखायला कोणी गोडंबी म्हणत नाही. तिने त्यांच्या हातून कप घेतला आणि उरलेली कॉफी हळूहळू प्यायली. गरम, आंबट, कडू.

कप ठेवून ती मांडणीकडे वळली. हिंगाची डबी काढली, झाकण उघडून नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा नाकाशी नेली.

"परवा दूध करपलं," कुंदाबाई म्हणाल्या. "तू गॅसजवळच उभी होती, तरी तुले वास नाही आला. दिवाळीत ताप आलता ना तुले, तवापासून मले शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मशीनचा दोष काढून राह्यली होती. म्हटलं, तिचाच असंन तर बरं होईन."

अनघा ओट्याला टेकून उभी राहिली. पुण्यात ती डोळे बांधून बिया कुठल्या मळ्यातल्या ते सांगायची. डबी तिच्या मुठीत घट्ट होती. स्टॅबिलायझर एकसुरात घुमत होता आणि पडद्यावर त्र्याण्णव तसंच होतं.

काही वेळाने तिने फोनवरचा अर्ज पुसला. सांडलेली कॉफी फडक्याने टिपली, कप धुतला आणि दुसऱ्या नमुन्याचं पाकीट कापून कॉफी काढली.

"आता हे घ्या," ती म्हणाली. "कडू आहे ते सोडून सांगा."

कुंदाबाईंनी पदराने हात पुसले आणि खुर्ची ओढली.

"हे हलकं हाय. लिंबाची साल. लोणच्यातली नाही, ताजी."

"आणि नंतर?"

"थांब ना जरा. येऊन राह्यलं."

अनघा थांबली. मग लिहून घेतलं. तिसऱ्या नमुन्यात कुंदाबाईंना नुसता करपलेला शेंगदाणा लागला, तोही लिहिला.

अवधूत परतला तेव्हा दोघी टेबलाशी बसल्या होत्या. अहवालाचा कागद भरत आला होता. शेवटी चव घेणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. तिथे अनघाने 'अ' काढला होता आणि खोडला होता.

"आई, तुमचं पूर्ण नाव कसं लिहायचं?" तिने विचारलं.

"माह्यं?" कुंदाबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "कायले?"

अनघा पेन टेकवून वाट बघत राहिली.