आक्टेऑनची शिंगं

त्या काळी आमच्या व्हेनिसमध्ये कपाटांची काय हौस होती! छापील चित्रं रंगवायची, कापायची, लाकडावर चिकटवायची आणि वर रोगणाचे वीस-वीस हात द्यायचे. बोट फिरवलं तरी कागदाची कड लागायची नाही.

ओर्सोलाला कात्री धरायला कुणी शिकवायला नको होतं. जुन्या देवांची माहिती मात्र तिला बेताचीच. बोर्तोलोच्या कारखान्यात लागून तिला जेमतेम महिना झाला होता. फॉस्का बाईसाहेबांच्या, आमच्या बोलीत सिओरा फॉस्काच्या, लेकीच्या लग्नाचं कपाट नीट उतरलं तर कायम, नाहीतर घरी, असं त्याने बजावलं होतं.

शेवटचा हात वाळला. बोर्तोलोने चष्मा चढवला आणि कपाटाच्या दारापाशी थबकला.

"याची शिंगं कुठे गेली?"

"कुठली शिंगं, मालक?"

"अगं, हा आक्टेऑन. डायनादेवीला आंघोळ करताना पाहिलं, म्हणून तिने त्याचं हरीण केलं. शिंगं फुटतायत, तेवढ्यातलं चित्र आहे हे."

"मला वाटलं मागची फांदी डोक्याला चिकटलीय. छाटली. एवढा देखणा पोरगा, डोक्यावर झाड कशाला?"

"आणि त्याचेच कुत्रे त्याच्यावर तुटून पडलेत ते?"

"लाडात आले असतील म्हटलं."

बोर्तोलोने कपाळाला हात लावला. "आता खरवडताही येत नाही. उद्यापासून येऊ नकोस, बाई."

एवढ्यात सिओरा फॉस्काच दारात उभी. तिने दार न्याहाळलं. "हा कोण गं?"

लपवून काय उपयोग? ओर्सोला म्हणाली, "सिओरा, याला शिंगं होती. चुकून मी कापली."

सिओरा फॉस्का सावकाश बोर्तोलोकडे वळली. "लग्नाच्या कपाटावर शिंगवाला पुरुष? बायको दुसऱ्याकडे जायला लागली की नवऱ्याच्या डोक्यावर गाव शिंगं दाखवतं, हे तुम्हाला मी सांगू? आमच्या विहीणबाईंनी कपाटासकट लेक परत पाठवली असती."

बोर्तोलोने चष्मा काढून पुसला. "म्हणूनच तर कापायला सांगितली, सिओरा."

ओर्सोलाने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. सिओरा फॉस्का कपाटावर खूश होऊन गेली, तेव्हा ओर्सोला म्हणाली, "मग उद्या किती वाजता येऊ?"

"नेहमीच्या वेळेला."

"आणि परवा?"

"रोज ये गं बाई," बोर्तोलो म्हणाला. "फक्त कापायच्या आधी विचारत जा."

"विचारलं असतं तर आज काय झालं असतं, मालक?"