धोंडूबाईची गाठ

म्हशाच्या जत्रेत जागा धरायची तर झाडाखाली गाठोडं ठेवायचं आणि खुशाल फिरायला जायचं. परक्याच्या गाठोड्याला कुणी हात लावत नाही. धोंडूबाई तीस वर्षं चिंचेखाली ठेवत आली. आषाढात ती वारली. यंदा तिच्या नवऱ्याने, देवजीने, तिचंच गाठोडं त्याच चिंचेखाली ठेवलं आणि तो बैल बघायला गेला. गाठ तिच्या हातची होती, गेल्या जत्रेत निघताना इथेच बसून मारलेली. घरी गाठोडं तसंच राहिलं, आणि ती गेल्यावर त्याने गाठ सोडली नव्हती.

परत येतो तर चिंचेभोवती दोरी, माणसं लांब हटवलेली.

"काका, तुमचं का हे?" पोलीस दर्शनाने विचारलं. तिच्या हातातल्या पडद्यावर गाठोडं दिसत होतं, भोवती लाल चौकोन.

"बायकोचं हाय. जागा धरलीय."

"खांबावरचा कॅमेरा म्हणतो, दहशतवादाचा संशय."

"कुणावर? ती तर वारली गो."

"तुमच्यावर."

शेजारचा बैलवाला हरेश हसला. "देवजी, तुला घरची कोंबडी भीत नाय, नि सरकार भितंय!"

"पर मी केलं काय?"

"काय नाय केलं," दर्शना म्हणाली. "सरकारच्या नव्या धोरणात लिहिलंय, धोका घडायच्या आधीच ओळखायचा. सामान ठेवून माणूस लांब गेला की मशीन लाल दाखवतं."

"मग जागा धरायची कशी?"

"ते धोरणात नाय."

देवजीला काही उमगेना. काही केलं नाही हे दाखवायचं तरी कसं?

"कुत्रा हुंगून गेलाय," दर्शना हळू म्हणाली. "पण आतलं दाखवल्याशिवाय लाल जात नाय. तुमी सोडा, नायतर बॉम्बचं पथक येऊन फोडंल."

"न सोडता नाय व्हायचं?"

"नाय, काका."

तो खाली बसला. बराच वेळ गाठीवर बोटं फिरवली, मग सोडली. आत तिचं लुगडं, बैलाची घंटा आणि गेल्या वर्षीच्या रेवड्या, चिकटून एक झालेल्या. दर्शनाने पडदा वर धरला. चौकोन हिरवा झाला.

"गेल्या साली होता का हा कॅमेरा?"

"होता. तेव्हा नुसता शिकत होता."

"मग ती गाठोडं ठेवून गेली तेव्हा लाल झालं?"

"तेव्हा धोरण नव्हतं."

देवजीने गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. धोंडूबाई शेवटचं टोक कुठून आत घ्यायची, ते त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"बाय," तो पडद्याकडे बघत म्हणाला, "तो शिकत होता तर त्याला म्हाईत असंल. इच्यार की, ती गाठ कशी मारायची."