चित्राखाली गाडलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे आणि गेले काही महिने माझं डोकं फिरलेलं आहे. खिडकीला कुठलं आलंय डोकं, असं म्हणू नका. माझी कहाणी ऐकलीत तर तुमचंही फिरेल.

एका सुताराने मला घडवलं. जाड लाकडाच्या दोन झडपा, मधे लोखंडी गज आणि आतल्या बाजूने एक भक्कम कडी. झडपा बाहेर रस्त्याकडे उघडतात. मला बसवून झाल्यावर सुताराने त्या पुन्हा पुन्हा उघडून-मिटून पाहिल्या आणि "झकास!" म्हणून बिडी पेटवली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

तेव्हा माझ्यामागे एका कारखान्याचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम होतं. खोली लांबलचक, पण तिन्ही बाजूंना शेजारच्या इमारती चिकटलेल्या, आत यायला एक अंधारा बोळ तेवढा. रस्त्याकडची भिंत तेवढी मोकळी आणि तिच्यात मी एकटी. उजेड यायचा तो माझ्यातूनच. पुढे कारखाना बंद पडला. माझ्या गजांत कोळ्यांनी संसार थाटले आणि वर्षानुवर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एके दिवशी वस्तीतली माणसं झाडू-बादल्या घेऊन आली. इथे लोकशिक्षण केंद्र काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणी फळा दिला, कुणी कपाट दिलं. कुणी एक बाक दिलं, त्याचा चौथा पाय कुठे गेला ते देणाऱ्यालाच माहीत. पण खोली भरली. दुपारी शिक्षण सुटलेल्या मोठ्या माणसांचा वर्ग, संध्याकाळी मुलांचा. माझी जळमटं काढली गेली, बिजागऱ्यांना तेल मिळालं. खरं सांगते, मला रडूच आलं असतं.

वर्गात सगळ्यात आधी येणारी म्हणजे मावशी. ती दवाखान्यात फरशा पुसते. रात्रपाळी करून सकाळी झोपते आणि दुपारी तडक माझ्यापाशी येऊन बसते. आठवीची परीक्षा पास झाली तर तिला वॉर्डात मदतनीस म्हणून घेणार होते. बादली सुटणार होती, गुडघ्यांना विसावा मिळणार होता. पण वयाची अट अशी की ही संधी शेवटची. घरी एकच खोली, त्यात लेक, जावई, नातवंडं आणि दिवसभर बोंबलणारा टीव्ही. तिथे कसला अभ्यास होणार? आणि तिची नजर अधू. चष्मा लावूनही तिला बारीक अक्षर भर उजेडातच दिसायचं. म्हणून ती माझ्या कठड्यावर पुस्तक टेकवून, ओळीवर बोट ठेवून वाचायची. अडलं की स्वतःलाच दटावायची, "अगं, वाच की नीट! पळून चाललीयेत का अक्षरं?"

सगळं बरं चाललं होतं. पण माणसांना बरं चाललेलं बघवत नाही.

आमच्या केंद्राच्या समितीला एक खोड आहे. बैठकीत कुणीही 'नाही' म्हणत नाही. अध्यक्ष काही बोलले की सगळ्यांच्या माना हलतात, ठराव एकमताने पास होतो, आणि मग हीच मंडळी बाहेर येऊन माझ्याखाली उभी राहून म्हणतात, "मला तर बाई हे अजिबात पटलेलं नाही!" अरे, मग आत तोंडाला काय कुलूप लावलं होतं? मी दोन्हीकडचं ऐकते, त्यामुळे माझा संताप दुप्पट होतो.

तर, अध्यक्षांच्या मनात आलं की रस्त्याकडच्या भिंतीवर मोठं चित्र हवं. येणाऱ्याजाणाऱ्याला लांबूनच कळलं पाहिजे की इथे ज्ञान मिळतं. कल्पना काही वाईट नव्हती. ती भिंत इतकी कळकट होती की मलाच तिच्यात राहायची लाज वाटायची. परगावच्या एका चित्रकाराला काम दिलं. तो म्हणाला, भिंतीचा फोटो पाठवा, चित्र बेतून देतो.

झालं! फोटो काढला त्या दिवशी माझ्यावर 'सर्वांचे स्वागत' असं लिहिलेलं भलंमोठं कापड टांगलेलं होतं. ते बाजूला करायचं कुणाला सुचलं नाही. चित्रकाराला वाटलं, कापडामागे सलग भिंत आहे. त्याने सुंदर चित्र बेतलं. पुस्तक वाचणारी एक भव्य बाई, पुस्तकातून उडणारे पक्षी, वर सूर्य. समितीने माना हलवल्या. उद्घाटनाच्या पत्रिकेवरही तेच चित्र छापून आलं.

मग चित्रकार आला, परांची बांधली, वर चढला आणि ओरडला, "अहो, इथे खिडकी आहे! नेमकी पुस्तकाच्या जागी!"

"आहे खरी," अध्यक्ष म्हणाले.

"मग बाईला जरा डावीकडे सरकवू का?"

"छे छे! चित्र मंजूर झालंय. पत्रिका गावभर गेल्यात. तुम्ही खिडकीच बंद करा ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! चुकला फोटो आणि शिक्षा मला. केंद्रातल्या शिकवणाऱ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि मिटलं. माझ्या झडपा लावल्या, फटींत लांबीचा लगदा भरला आणि वरून रंगाचे हात मारले. एक खिळासुद्धा ठोकावा लागला नाही. कडी आतच होती, कुणीही काढू शकलं असतं. पण ठराव झाला होता ना!

उद्घाटनाला फीत कापली, टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी अंधारातून प्रकाशाकडे जाण्यावर लांबलचक भाषण केलं. आत खोलीत ट्यूबलाइट लुकलुकत होती आणि तिच्याखाली म्हातारीकोतारी माणसं डोळे बारीक करून बसली होती. बाहेर रंगवलेली बाई झोकात वाचतेय आणि आत खऱ्या बाईला अक्षर दिसत नाहीये. नाकापेक्षा मोती जड!

मावशीने खूप प्रयत्न केला. ट्यूबखाली बाकावर उभी राहून वाचलं. डोकं दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सराव परीक्षेत प्रश्न चुकीचे वाचल्यामुळे येणारी उत्तरंही चुकली. त्यात एके दुपारी वीज गेली. सगळे घरी निघाले. मावशी तेवढी काळोखात बसून राहिली, आणि कुलूप लावायला थांबलेल्या बाई.

"बाई," ती म्हणाली, "माझं नाव काढून टाका. नाही जमायचं मला. बादली काय वाईट आहे? इतकी वर्षं उचललीच की."

मी आतल्या आत तडफडत होते. बोला हो बाई! एकदा तरी बोला!

मग बाईंचा आवाज आला. "मावशी, मी त्या दिवशी गप्प बसायला नको होतं."

"आता बोलून काय होणार?"

"बोलायचं नाहीच आहे. ती कडी काढा. तुमचा जोर जास्त आहे."

मावशी उठली. तिने कडी ओढली, गजांमधून हात घालून झडपांना रेटा दिला. मीही जमेल तेवढा जोर लावला. लांबी कडाकडा फुटली, रंगाचे पोपडे रस्त्यावर पडले आणि मी उघडले! मित्रांनो, ती ऊन आत शिरतानाची घडी मी आयुष्यभर विसरणार नाही. मावशीने डोळे पुसले, पुस्तक कठड्यावर ठेवलं आणि वाचायला लागली.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? अध्यक्ष धावत आले आणि रस्त्यावर माझ्यासमोरच उभे राहिले. चित्रातल्या बाईचं पुस्तक दोन्ही झडपांबरोबर बाजूला झालं होतं आणि तिच्या रंगवलेल्या हातांच्या मधोमध मावशी दिसत होती.

"सत्यानाश केलात चित्राचा!" ते ओरडले. "कुणाला विचारून उघडलीत?"

मावशीने बोट ओळीवरून हलवलं नाही. मान वर करून म्हणाली, "अध्यक्ष, जरा बाजूला व्हा. उजेड अडवताय."

अध्यक्षांना काय वाटलं कोण जाणे, ते बाजूला झाले.

मित्रांनो, मावशीची परीक्षा अजून व्हायची आहे. ती पास होईल की नाही हे मला ठाऊक नाही, आणि त्या विचाराने माझा जीव टांगणीला लागलाय. तुम्ही भिंती खुशाल रंगवा, मला रंगांचं वावडं नाही. पण ब्रश हातात घेण्याआधी एकदा आत डोकावून बघा, कुणाचा तरी उजेड त्या भिंतीतून येत असेल. आणि हल्ली माझ्यासमोर फोटो काढायला गर्दी करणाऱ्यांनो, तुम्हीही सरका जरा. मावशीचा धडा अजून संपलेला नाही.